मान-पाठ दुखते आणि कानही वाजतो: मॅन्युअल थेरपी घ्यायची तर कोणत्या क्रमाने?

मान आखडलेली, पाठीला सतत ओढ, आणि रात्री दिवा मालवला की कानात सुरू होणारी बारीक शिट्टी. ही दुखणी एकत्र सोसणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न घोळत राहतो: या सगळ्याचं मूळ एकच आहे का? मान मोकळी झाली तर कानही शांत होईल का?

या प्रश्नामागे मी दीड वर्ष फिरलो. त्यातला बराच काळ चुकीच्या क्रमात गेला. आधी एकाकडे मान 'मोडून' घेतली, मग मालिश, मग उशा बदलल्या, आणि कान तपासायला गेलो सगळ्यात शेवटी. मान मोडणाऱ्याने न सांगता झटका दिला होता. त्यानंतर तीन दिवस कानातला आवाज इतका चढला होता की झोप लागेना. आज मागे वळून पाहताना वाटतं, उपचार फारसे चुकीचे नव्हते, क्रम चुकला होता. म्हणून हा लेख क्रमाने लिहितोय. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: हाताने करायचे उपचार, म्हणजेच मॅन्युअल थेरपी, मानेसाठी घ्या, कारण मान दुखते. कानाला त्यातून आराम पडला तर आनंदच आहे, पण त्या आशेवर उपचारांची लांबी ठरवू नका.

मानेचा कानाशी संबंध येतो कुठे?

कानात आवाज येणे, म्हणजे कर्णनाद किंवा टिनिटस, हे लक्षण आहे. बाहेर आवाज नसताना मेंदूला तो ऐकू येतो. बहुतेकांमध्ये त्याची सुरुवात कानातच झालेली असते: वयाने किंवा गोंगाटाने ऐकण्यात आलेली घट, साचलेला मळ, कानाचा जुना आजार.

पण कानातून निघालेली श्रवणाची नस मेंदूच्या देठात ज्या पहिल्या थांब्यावर पोचते, तिथे ती एकटी नसते. त्या पेशीसमूहाला कॉक्लियर न्यूक्लियस म्हणतात. त्याच्या मागच्या भागात चेहरा आणि जबड्याची संवेदना आणणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचे धागे येतात, तसेच मानेच्या वरच्या टोकाच्या नसांचेही, विशेषतः मानेच्या दुसऱ्या नसेचे. आपलंच चावणं, आपलाच आवाज मेंदूने वेगळा ओळखावा यासाठी ही जोडणी असावी असं मानलं जातं. अमेरिकेतले रॉबर्ट लेव्हीन यांनी १९९९ मध्ये याच जोडणीच्या आधारे शरीराशी निगडित कर्णनादाची कल्पना मांडली. मिशिगन विद्यापीठातल्या सुसान शोर यांनी पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की कानाकडून येणारे संदेश कमी झाले की याच पेशी मान-चेहऱ्याकडून येणाऱ्या संदेशांना जास्त जोरात प्रतिसाद देऊ लागतात.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, मान आणि कान यांचं नातं कल्पनेतलं नाही. दोन, मान बहुधा कानातला आवाज जन्माला घालत नाही, असलेला आवाज चढवते किंवा उतरवते. कानात मुळात थोडी घट आणि वर मानेचा ताण, अशी जोडी बऱ्याच जणांत सापडते. म्हणूनच फक्त मान पाहून किंवा फक्त कान पाहून भागत नाही.

सगळ्यात आधी कान

मॅन्युअल थेरपीची वेळ ठरवण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटा आणि श्रवणचाचणी करून घ्या. तज्ज्ञ कानात डोकावून पडदा पाहतील, मळ असेल तर काढतील. केवळ मळ काढल्याने आवाज थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी मानेवर महिने घालवले असते तर काय हाती लागलं असतं? त्यानंतर शुद्ध स्वरांची चाचणी होते. सहसा २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर दोन्ही कानांना वेगवेगळे ऐकवतात आणि आलेख हातात देतात. तो आलेख जपून ठेवा, थेरपिस्टला दाखवायचा आहे.

सगळ्यांना एमआरआय लागत नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे की आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखा असेल, दोन्ही कानांच्या ऐकण्यात फरक असेल किंवा मज्जासंस्थेची इतर लक्षणं असतील, तरच असं चित्रण करावं.

औषधांची यादीही याच भेटीत काढा. मान-पाठदुखीसाठी आपण वेदनाशामक गोळ्या घेत राहतो, आणि त्यांच्यापैकी काही कानातला आवाज वाढवतात. ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत घेतल्यास कान वाजतात, आणि मात्रा उतरवली की बहुधा शांत होतात. त्याच वर्गातल्या इतर सूजविरोधी गोळ्यांनीही काहींना असा त्रास होतो. म्हणजे 'मान दुखायला लागल्यापासून कान वाजतोय' या वाक्याचा अर्थ कधी कधी 'मानेसाठी गोळ्या सुरू केल्यापासून कान वाजतोय' असा निघतो. गोळ्या मनानेच बंद करू नका, पण हा प्रश्न डॉक्टरांसमोर नक्की ठेवा.

आता थोडं थांबून हे नीट वाचा

काही लक्षणं असली तर मॅन्युअल थेरपीच्या टेबलावर झोपायचंच नाही, आधी डॉक्टर.

एका कानाचं ऐकणं अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, कमी झालं असेल तर ती तातडीची बाब आहे. त्यावरच्या स्टिरॉइड उपचारांचा फायदा लवकर सुरू केल्यास जास्त असतो. पहिले दोन आठवडे मोलाचे. 'मान आखडल्यामुळे कानात दडा बसला असेल' असं म्हणत थांबून ऐकणं गमावू नका.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर रक्तवाहिन्यांची तपासणी हवी. त्यातही मानेत किंवा डोक्यात अचानक उठलेली, आजवर कधी न अनुभवलेली कळ आणि ठोक्यासारखा आवाज हे दोन्ही एकत्र आले असतील तर तडक रुग्णालय गाठा. मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं तर अगदी असंच दिसू शकतं. एका बाजूची पापणी खाली येणं, दुहेरी दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळायला त्रास, तोल जाणं, चेहरा बधिर होणं, अचानक पाय गळून कोसळणं ही त्याच वाटेवरची लक्षणं. अशा वेळी मानेला झटका देणं धोक्याचं. झटक्याने धमनी फाटण्याच्या घटना दुर्मीळ आहेत आणि कारण-परिणामाबद्दल वादही आहे, पण त्यामागची एक साधी गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: धमनी आधीच फाटत असलेला माणूस मान दुखते म्हणूनच थेरपिस्टकडे जातो.

बाकीची थोडक्यात. हातांची बोटं बेंगरूळ होऊन गुंडी लावणं जमेनासं होणं आणि चाल अडखळणं म्हणजे मानेत मज्जारज्जूवर दाब असू शकतो. मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा ताबा सुटणं म्हणजे कमरेखालच्या नसांचा प्रश्न. रात्र असली तरी निघायचं. अपघातानंतरची मानदुखी, ताप, कारणाशिवाय उतरलेलं वजन, पूर्वीचा कर्करोग, रात्री झोपेतून उठवणारी कळ, हेही आधी डॉक्टरांकडे.

घरी दोन आठवडे नोंद ठेवा

कान तपासून झाला, धोक्याचं काही नाही. आता मान आणि कान यांची तुमच्या शरीरात खरंच जोडी आहे का हे पाहायचं. ते कोणी यंत्र सांगणार नाही, तुमची वही सांगेल.

दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी, दोन आकडे लिहा: मान-पाठदुखी ० ते १० पैकी किती आणि कानातला आवाज ० ते १० पैकी किती. बाजूला एक ओळ: झोप कशी झाली, किती वेळ बसून काम केलं, गोंगाटात होतात का, दात आवळलेले होते का. यापेक्षा जास्त लिहू नका. दिवसभर आवाज मोजत बसलं की लक्ष त्यावरच खिळतं आणि तो आणखी मोठा वाटतो.

एकदा, शांत खोलीत, ही छोटी चाचणी करा. सरळ बसा, आवाजाचा आकडा ठरवा. मग एकेक हालचाल, प्रत्येकी पाच-सहा सेकंद: दात आवळणे, तोंड पूर्ण उघडणे, जबडा पुढे काढणे, जबडा डावीकडे-उजवीकडे सरकवणे, मान दोन्ही बाजूंना वळवणे, कलवणे, तळहात कपाळावर ठेवून कपाळाने हळू रेटणे, तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. प्रत्येक हालचालीनंतर आवाज मोठा-लहान झाला का, पट्टी बदलली का, जागा बदलली का ते लिहा. चक्कर आली किंवा दुखलं तर तिथेच थांबा.

या चाचणीवरून घाईने निष्कर्ष काढू नका. जोरात दात आवळल्यावर कानातला आवाज बदलणं बऱ्याच कर्णनाद असलेल्यांत दिसतं, मानेचं दुखणं नसलेल्यांतही. ती एक खूण आहे, निदान नव्हे. वजन येतं ते खुणा एकत्र जुळल्यावर. २०१८ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेल्या निकषांत अशाच खुणा आहेत: मानदुखी आणि आवाज एकदमच सुरू झाले, दोन्ही एकत्र चढतात-उतरतात, डोक्याला किंवा मानेला मार लागल्यावर आवाज आला, वाईट बैठकीत तो वाढतो, डोकं-मान-जबडा हलवला की बदलतो. कवटीच्या खालच्या कडेचे स्नायू दाबल्यावर हुळहुळतात, रात्री दात खाण्याची सवय आहे, याही त्यातल्याच.

वहीत दिसलं की मान दुखते त्या दिवशी कान हटकून चढतो, तर मानेच्या उपचारांतून कानालाही काही मिळण्याची शक्यता चांगली. दोन्ही आकडे आपापल्या वाटेने चालत असतील तर मान मानेसाठी सुधारा, कानाचा रस्ता वेगळा धरा. माझ्या वहीत जोडी दिसली, पण ती मानेपेक्षा जबड्याशी जास्त होती. हे मला वही लिहिल्याशिवाय कधीच कळलं नसतं.

कोणाकडे जायचं

मॅन्युअल थेरपी हे एका उपचाराचं नाव नाही. हाताने स्नायू सैल करणं, सांधा हळूहळू हलवून मोकळा करणं आणि सांध्याला एकच जलद झटका देणं, हे तीनही त्यात येतात. फिजिओथेरपिस्ट, ऑस्टिओपॅथ, कायरोप्रॅक्टर असे वेगवेगळे लोक ते करतात. पाटीपेक्षा माणसाचं प्रशिक्षण आणि त्याची विचारण्याची पद्धत पाहा. नोंदणीकृत आहे का, मानेच्या आणि जबड्याच्या सांध्यांचा अनुभव आहे का, एवढं फोनवरच विचारता येतं.

फोनवर मी आता तीन प्रश्न विचारतो. मानदुखीबरोबर कर्णनाद असलेले रुग्ण तुम्ही पाहिले आहेत का? मानेला झटका न देता उपचार करता का? आणि फरक पडतोय की नाही हे तुम्ही कशावरून ठरवता? तिसऱ्या प्रश्नाला 'तुम्हाला बरं वाटलं की कळेलच' एवढंच उत्तर आलं तर मी पुढे जात नाही. चांगला थेरपिस्ट सांगतो की अमुक हालचाल मोजेन, अमुक प्रश्नावली भरून घेईन, इतक्या भेटींत फरक दिसला नाही तर थांबू.

'तुमचा पहिला मणका जागेवरून सरकलाय, तो बसवला की कान बंद' असं तपासण्याआधीच कोणी सांगत असेल, कान बरा करण्याची हमी देत असेल, किंवा पहिल्याच दिवशी तीस-चाळीस भेटींचं पॅकेज गळ्यात घालत असेल, तर उठून या. तुम्ही थकलेले असता, झोप नसते, आणि हमीचे शब्द फार गोड वाटतात. ते मी अनुभवलंय, म्हणून कळकळीने सांगतो.

पहिल्या भेटीत काय सांगायचं

श्रवणाचा आलेख, औषधांची यादी आणि वहीतल्या दोन आठवड्यांचा सारांश बरोबर न्या. हाडं ठिसूळ झाली असतील, संधिवात असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील, स्टिरॉइड दीर्घकाळ घेतले असतील, मानेची किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, गर्भवती असाल, तर विचारायची वाट न पाहता सांगा. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला बंध सैल झालेला असू शकतो. तिथे झटका देणं म्हणजे थेट धोका.

मोठ्या आवाजांचा त्रास होत असेल, म्हणजे भांडं पडलं तरी कान दुखतो असं होत असेल, तर तेही सांगा.

थेरपिस्टने पहिल्या भेटीत बराच वेळ विचारण्यात आणि तपासण्यात घालवला तर वाईट वाटून घेऊ नका. मानेची प्रत्येक दिशेची हालचाल, हातांची ताकद, संवेदना, प्रतिक्षिप्त क्रिया, रक्तदाब, जबडा किती उघडतो आणि उघडताना एका बाजूला जातो का, कवटीखालचे स्नायू, गळ्याच्या बाजूचा मोठा तिरका स्नायू, चावण्याचा स्नायू, हे सगळं पाहायला वेळ लागतो. गालातल्या चावण्याच्या स्नायूच्या खोल थरातली गाठ दाबली की कळ थेट कानात जाते असं कित्येकांना होतं. तपासणीत तसं झालं तर तुमच्या हाती एक मोठा धागा लागला.

टेबलावर

संमतीची गोष्ट आधी. 'मानेला झटका द्यायचा नाही, आणि नवीन काही करायच्या आधी मला सांगायचं' हे वाक्य झोपण्यापूर्वी स्पष्ट बोला. संकोच वाटतो, मला वाटलाच. पण कान वाजत असताना मानेच्या वरच्या टोकाला झटका का नको, याला कारणं आहेत. रक्तवाहिन्यांचा धोका छोटा असला तरी तो तिथेच आहे. सांधा 'कट्' वाजतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा आवाज असतो. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे, त्यामुळे तो आवाज आलाच पाहिजे असं काही नाही. आणि अगदी कानाशेजारी झालेला तो आवाज, त्यामागे होणारा स्नायूंचा दचका, यांनी आधीच सतर्क असलेली श्रवणसंस्था आणखी बिथरते. हळू, लयीत सांधे हलवूनही मान मोकळी होते.

कवटीच्या खालच्या कडेला बोटांची टोकं ठेवून डोक्याचं वजन त्यांवर सोडायचं, अशी एक पद्धत आहे. दोन-तीन मिनिटं काही घडत नाही असं वाटतं, मग स्नायू आपोआप विरघळल्यासारखे सैल होतात. मला सगळ्यात जास्त आराम याच पद्धतीने पडला. त्याखेरीज मानेच्या मधल्या आणि पाठीच्या वरच्या मणक्यांची हलकी हालचाल, खांद्याच्या वरचा स्नायू दाबून सोडणं, आणि जबडा गुंतलेला असेल तर हातमोजा घालून तोंडाच्या आतून चावण्याचा स्नायू सैल करणं. हे शेवटचं करण्याआधी थेरपिस्टने विचारलंच पाहिजे.

टेबलावरच्या काही बारीक गोष्टी कोणी सांगत नाही. पालथं झोपून मान एका बाजूला वळवून फार वेळ राहिलात तर उठल्यावर आवाज चढलेला असतो. चेहऱ्यासाठी भोक असलेलं टेबल मागा किंवा उताणं, कुशीवर उपचार घ्या. खोली पूर्ण शांत असेल तर कान जास्त वाजल्यासारखा वाटतो. पंखा किंवा हलका पावसाचा आवाज सुरू ठेवायला सांगा. धडधडणारं मालिश यंत्र मानेच्या वरच्या भागावर आणि कवटीच्या कडेला नको, कारण त्याची थरथर हाडातून थेट आतल्या कानात पोचते. गळ्याच्या पुढच्या बाजूला तर कधीच नको. हनुवटीखाली पट्टा अडकवून मान ओढण्याचं यंत्र लावलं तर जबड्यावर दाब येतो. जबडा दुखरा असेल तर त्याला नाही म्हणा.

दाब किती, यालाही भाषा ठरवून घ्या. दहापैकी चारच्या वर कळ गेली की 'हलकं' म्हणायचं. 'सोसलं तर गुण येईल' ही समजूत इथे उलटी पडते.

घरी गेल्यावर

पहिल्या एक-दोन दिवसांत अंग ठणकणं, कानातला आवाज थोडा वर-खाली होणं चालतं. ४८ तासांनंतरही आवाज चढलेलाच असेल तर पुढच्या भेटीत ते सांगून दाब आणि वेळ दोन्ही कमी करा. सलग दुसऱ्यांदा तसंच झालं तर ती पद्धत सोडा. ऐकू कमी येऊ लागलं, गरगरायला लागलं किंवा वर सांगितलेल्यांपैकी काही दिसलं तर पुढची भेट नाही, डॉक्टर.

हातांनी मिळालेला सैलपणा टिकतो व्यायामाने. याबद्दल माझं मत ठाम आहे: ज्या थेरपिस्टने घरी करायला एकही व्यायाम दिला नाही त्याच्याकडे मी पुन्हा जाणार नाही. मानेसाठी सगळ्यात उपयोगी व्यायाम दिसायला अगदी किरकोळ आहे. उताणं झोपा, डोकं न उचलता हनुवटी जरा आत घ्या, जणू 'हो' म्हणताय. गळ्याचे वरवरचे स्नायू ताठ होऊ द्यायचे नाहीत. दहा सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. श्वास रोखू नका. श्वास कोंडून जोर लावला की डोक्यात दाब वाढतो आणि कान लगेच चढतो. याच्या जोडीला खांद्याची पाती मागे-खाली ओढणं आणि पाठीचा वरचा भाग मागे वाकवणं.

जबड्यासाठी दिवसभरात आठवेल तेव्हा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. लिहिताना, गाडी चालवताना, मोबाइल पाहताना दात नकळत आवळले जातात. रात्री दात खात असाल तर दंतवैद्यांना झोपेत दातांवर घालायच्या पट्टीबद्दल विचारा.

पाठीबद्दल वेगळं बोललं पाहिजे

कंबर आणि पाठीचा खालचा भाग यांच्या नसा मेंदूतल्या श्रवणाच्या त्या पहिल्या थांब्यावर मानेसारख्या जाऊन मिळत नाहीत. त्यामुळे कमरेवरच्या उपचारांनी कान शांत होईल ही अपेक्षा ठेवायला आधार नाही. पण कंबर दुखते म्हणून झोप तुटते, झोप तुटली की दुसऱ्या दिवशी आवाज जास्त छळतो, हा आडवळणाचा संबंध अगदी खरा आहे. कमरेसाठी चालत राहणं, हळूहळू वाढवलेला व्यायाम, आणि त्याच्या जोडीला हाताचे उपचार. कमरेच्या उपचारांसाठी पालथं झोपताना मान कशी ठेवली जाते याकडे मात्र लक्ष द्या. कंबर सुटली आणि मान धरली असं मी दोनदा करून घेतलंय.

मोजायचं कसं, थांबायचं कधी

सुरुवातीला, तिसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी दोन प्रश्नावल्या भरा. कानासाठी टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी ही १९९६ मध्ये आलेली २५ प्रश्नांची यादी आहे. 'हो'ला ४, 'कधी कधी'ला २, 'नाही'ला ०; एकूण १००. साधारण ७ गुणांची घट ही जाणवण्याजोगी सुधारणा मानतात. मानेसाठी नेक डिसेबिलिटी इंडेक्स, १० प्रश्न, ५० गुण. आकडे कागदावर असले की 'आज जरा बरं वाटतंय' आणि 'आज काही खरं नाही' या रोजच्या हेलकाव्यांतून सुटका होते.

अपेक्षा किती ठेवावी याला एक अभ्यास मदत करतो. बेल्जियममध्ये सारा मिशिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मानेची तक्रार आणि तीव्र कर्णनाद असलेल्या ३८ जणांवर मानेचे उपचार केले: सहा आठवडे, बारा भेटी. उपचार संपताच ५३ टक्के लोकांना कानात लक्षणीय फरक जाणवला. आणखी सहा आठवड्यांनी तो २४ टक्क्यांत टिकून होता. म्हणजे मानेशी जोडी असलेल्या माणसांतही कानाचा आराम निम्म्यांना, आणि टिकाऊ आराम चौघांत एकाला. यात निराश होण्यासारखं काही नाही, पण वर्षभर आठवड्याला दोन भेटी घेत राहण्याचंही कारण नाही.

माझा नियम असा आहे. सहा आठवड्यांत मानेचे गुण सुधारले आणि कानाचेही, तर भेटी विरळ करत व्यायामावर या. मान सुधारली, कान जिथल्या तिथे, तर मानेचे उपचार यशस्वी झाले असं समजून थांबा आणि कानासाठी दुसरं दार ठोठावा. दोन्ही हललं नाही तर थेरपिस्ट बदलण्याआधी निदान पुन्हा तपासून घ्या.

कानाचं दुसरं दार

ऐकण्यात घट असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि आतला मागे पडतो. झोपताना खोलीत हलका, एकसुरी आवाज ठेवला तर शांततेतली शिट्टी बोथट होते. तो शिट्टीपेक्षा किंचित कमी ठेवा, तिला पूर्ण झाकू नका. आणि आवाजाने मनावर घेतलेला ताबा सोडवण्यासाठी संज्ञानात्मक वर्तन उपचार, ज्याला सगळे सीबीटी म्हणतात, त्याला सध्या सर्वांत चांगला पुराव्याचा आधार आहे. तो आवाज घालवत नाही, आवाजाचा त्रास कमी करतो. 'मानसोपचार म्हणजे मी नाटक करतोय असं म्हणताय का' असा राग मला आधी आला होता. पण मी गेलो, आणि सगळ्यात आधी झोप सुधारली.

हे सगळं सुरळीत चालू असतानाही एखाद्या रात्री मान आखडेल आणि कान एकदम चढेल. त्या रात्रीसाठी वहीच्या मागच्या पानावर मी पाच ओळी लिहून ठेवल्या आहेत: धोक्याची लक्षणं आहेत का ते बघ. नसतील तर मानेवर वीस मिनिटं शेक. दात सुटे, जीभ टाळूला. खिडकीजवळचा पंखा लाव. आकडा आज लिहू नकोस, उद्या सकाळी लिही.